पॉवेलचा व्हान्स पहिल्यांदा बघताना

जुने गुन्हेपट बघायला कुठून सुरुवात करू, असं विचारलंस ना? 'द केनेल मर्डर केस' लाव. १९३३ चा, दिग्दर्शक मायकेल कर्टिझचा. विल्यम पॉवेल त्यात फायलो व्हान्स हा खासगी गुप्तहेर झालाय. जेमतेम सव्वा तासाचा आहे.

पहिली पंधरा मिनिटं मोबाइल लांब ठेव. कुत्र्यांच्या प्रदर्शनात एकामागून एक माणसं येतात आणि जवळपास प्रत्येकाचं आर्चर को या कलावस्तूंच्या संग्राहकाशी काहीतरी बिनसलेलं असतं. तिथे लक्ष चुकलं, की पुढे 'हा कोण?' करत बसशील. मी पहिल्यांदा तेच केलं आणि दोनदा मागे जावं लागलं. नावं कागदावर लिहिलीस तरी चालेल, लाजू नकोस.

मग आतून बंद खोली, खुर्चीत त्याच आर्चरचा मृतदेह, हातात पिस्तूल. दाराच्या किल्लीच्या भोकातून कॅमेरा आत डोकावतो, ते दृश्य सावकाश बघ. सगळे आत्महत्या म्हणतात. युरोपला निघालेला फायलो व्हान्स तेवढ्यासाठी परत फिरतो.

विल्यम पॉवेलकडे बघताना त्याचा आवाज ऐक. तो कधी आरडाओरडा करत नाही, दम देत नाही. पाहुण्याला चहा विचारावा तसा संशयिताला प्रश्न विचारतो. पोलीस सार्जंट हीथचा घोगरा धसमुसळेपणा शेजारी असल्यामुळे ते जास्तच खुलतं. मृतदेह तपासणारा कुरकुऱ्या डॉक्टर डोरेमस तर माझा लाडका.

चिनी कलावस्तू आणि चिनी आचाऱ्याबद्दलचे काही संवाद आज खटकतात, खटकू देत. नेटवर धुरकट प्रती बऱ्याच आहेत. स्वच्छ केलेली शोध, नाहीतर घरांच्या छोट्या प्रतिकृती मांडून व्हान्स उलगडा करतो तिथली निम्मी मजा जाईल.