चौकशी अहवालासाठी थांबू नका

प्रश्न (तासगाव, जि. सांगली): धाकटा भाऊ ओळखीच्या एकाच्या चार आसनी विमानात बसला होता. उड्डाण घेतानाच विमान धावपट्टीवरून घसरलं आणि त्याच्या मणक्याला इजा झाली. त्याला 23 महिने झाले. अपघात विम्याचा दावा कंपनीने 19 महिन्यांपूर्वी फेटाळला. आम्ही तीन स्मरणपत्रं पाठवली. विमान अपघाताचा चौकशी अहवाल आल्यावर दाद मागावी का?

उत्तर: नाही, आणि आणखी एक आठवडाही थांबू नका. ‘तपास पूर्ण होऊ दे’ म्हणत मुदत घालवलेली माणसं मी दर महिन्याला पाहतो. फार वाईट वाटतं.

ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे. ती नकाराच्या पत्रापासून मोजावी, असा युक्तिवाद आपण करू. पण कंपनीचा वकील अपघाताच्या दिवसापासून मोजणार. म्हणून तुमच्या हातात एकच महिना आहे असं धरा. स्मरणपत्रांनी मुदत एका दिवसानेही वाढलेली नाही. पुण्याच्या विमा लोकपालांकडे वकिलाशिवाय जाता आलं असतं, तिथली एक वर्षाची मुदतही बहुधा गेली. भावाचं अंथरुणाला खिळणं हे विलंब माफीचं कारण होऊ शकतं, पण त्यावर विसंबू नका.

तो अहवाल दोष ठरवण्यासाठी नसतोच. पुढचे अपघात टळावेत एवढाच त्या चौकशीचा उद्देश, असं नियमातच लिहिलं आहे. शिवाय अपघात विम्यात वैमानिक चुकला की इंजिन, हे भावाला सिद्ध करायचं नाही.

खरी अडचण दुसरी आहे. ‘भाडं भरून बसलेला प्रवासी असेल तरच भरपाई’ अशी अट अशा अनेक पॉलिसींत असते, आणि भाऊ पाहुणा म्हणून बसला होता. मात्र विमेदाराला न कळवलेली वगळणुकीची अट कंपनीला वापरता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटलं आहे. भावाला नुसतं एक पानी प्रमाणपत्र आलं होतं की अटींची पूर्ण पुस्तिका? आज त्याचा ईमेल उघडून बघा. पुस्तिका आलेली असेल, तर मी फार आशा दाखवणार नाही.

विमानमालकावर निष्काळजीपणाचा दावा वेगळा, दिवाणी न्यायालयातला. त्याला साधारण तीन वर्षं मिळतात. कागद पाहिल्याशिवाय त्यावर बोलणं बरोबर नाही.

तक्रार भावाच्या नावाने, तुम्हाला अधिकारपत्र देऊन, सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात करा. ई-जागृती पोर्टलवरूनही दाखल होते. हप्ता पाच लाखांच्या आत असेल तर शुल्क नाही. सिव्हिलचा अपंगत्वाचा दाखला मागाहून जोडता येईल. नकाराचं पत्र ज्या पाकिटातून आलं, ते पोस्टाच्या शिक्क्यासकट शोधून ठेवा.