तोंडी उत्तर घेऊन परत येऊ नकोस

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. बहिणीच्या नर्सिंगसाठी पावणेचार लाखांचं कर्ज मागायला गेलेल्या तुझ्या वडिलांना बँकेत चारचौघांत बोलणी खावी लागली. आणि तिकडे पुण्यात, शिष्यवृत्ती रखडली म्हणून आंदोलनाला बसलेल्या तुझ्या रूममेटच्या मनगटावर लाठी बसली, रात्रभर चौकीत बसवून ठेवलं आणि सकाळी 'जा' म्हणून सोडून दिलं. दोन्हीकडचा अपमान तू नीट सांगितलास, पण दोन्हीकडे कागद एकही नाही. मला काळजी वाटली ती त्याची.

आधी बँकेचं बोलतो, कारण माझी उभी नोकरी काउंटरच्या आतल्या बाजूला गेली. शाखेत काम टाळायचं असलं की तोंडावर 'नाही' सहसा कुणी म्हणत नाही. 'साहेब मीटिंगला गेलेत', 'सिस्टिम स्लो आहे', 'तुमचं गाव आमच्या एरियात येत नाही', 'पुढच्या आठवड्यात या'. यातलं काहीच कागदावर येत नाही, म्हणून तर ते इतक्या सहज बोललं जातं. तोच अर्ज इनवर्डला, म्हणजे आवक नोंदीत पडला, त्यावर शिक्का-तारीख लागली की तोच माणूस 'बसा ना काका' म्हणतो. कारण आता त्याला वर उत्तर द्यायचं असतं. त्याच्यावर राग धरू नकोस. चौघांचं काम दोघं ओढतात आणि संध्याकाळी प्रादेशिक कार्यालयातून 'आज विमा पॉलिस्या किती झाल्या?' असा फोन येतो. अर्थात, त्याचा वैताग तुझ्या वडिलांवर का निघावा, याला माझ्याकडे उत्तर नाही.

शाखेच्या साहेबांनी वडिलांकडे तारण म्हणून सातबारा मागितला आणि वर एक विमा पॉलिसी 'घ्यावीच लागेल' म्हणाले. 4 लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण घ्यायचं नाही, असं रिझर्व्ह बँकेने बँकांना 2010 मध्येच बजावलं आहे. अर्जदाराचं घर आपल्या एरियात नाही म्हणून अर्ज परत करू नका, हे 2012 मध्ये. बँकांच्या संघटनेने आखलेल्या आदर्श योजनेतही अर्ज फेटाळायचा तर वरच्या अधिकाऱ्याची संमती घ्या आणि विद्यार्थ्याला कारण कळवा, असं म्हटलंय. हे सगळं साहेबांना ठाऊक असतं. तुझ्या वडिलांना ठाऊक नाही, हेही त्यांना ठाऊक असतं.

तेव्हा वाद घालू नका. अर्ज विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्जाच्या सरकारी पोर्टलवर भरा, म्हणजे त्याला नंबर पडतो. छापील प्रत शाखेत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या: शिक्का, सही, तारीख. देत नसतील तर तिथूनच पोस्टात जाऊन स्पीड पोस्ट करा, पावती जपा. मग शाखेकडे लेखी तक्रार. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. ही तक्रार ऑनलाइन जमली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडच्या केंद्राला साध्या टपालाने पाठवता येते, माहितीसाठी 14448 हा नंबर आहे, फी नाही. वकिलामार्फत मात्र पाठवू नका, तशी तक्रार घेत नाहीत.

इथे बरेच जण अडखळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. 'बँकेने कर्ज दिलं नाही' एवढंच लिहिलंत, तर तक्रार तिथेच बंद होते. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय, त्यात लोकपाल पडत नाही. लिहायचं ते असं: 'अमुक तारखेला 3 लाख 75 हजारांचा अर्ज घेऊन गेलो असता शाखाधिकाऱ्यांनी नियमात नसलेलं तारण मागितलं, विमा पॉलिसीची सक्ती केली, अर्जाची पोच नाकारली आणि लेखी कारण दिलं नाही.' चारही गोष्टी सेवेतल्या त्रुटी आहेत. 'उद्धट बोलले', 'आम्ही गरीब आहोत' हे खरं असलं तरी शेवटच्या ओळीत, नाहीतर नकोच. रागाचा मजकूर वाचणाऱ्याला तारखा सापडत नाहीत.

'जास्त बोलाल तर पोलिस बोलवीन' असं साहेब म्हणाले, ते ऐकून वडील घाबरले असतील. जुनं 353 कलम, आताच्या न्याय संहितेतलं 132, लागतं ते सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी मारहाण किंवा बळाचा वापर केला तर. पोच मागणं त्यात बसत नाही. पण तू सोबत जाशील तेव्हा आवाज चढवू नकोस, मोबाइल त्यांच्या तोंडासमोर धरू नकोस. तुझ्या वयाच्या पोरांना वाटतं व्हिडिओ व्हायरल झाला की काम होतं. कधी होतंही, पण बऱ्याचदा मूळ तक्रार बाजूला राहते आणि तुझं वागणं हाच विषय होतो.

आता रूममेटचं. त्याने खासगी दवाखान्यात 'गाडीवरून पडलो' असं सांगून पट्टी बांधून घेतली, हे वाचून मी कपाळाला हात लावला. भीतीपोटी सगळेच असं करतात. पण आज त्याच्या दुखापतीचा एकमेव कागद पोलिसांच्या बाजूने बोलतोय. चारच दिवस झालेत. त्याला ससून या सरकारी रुग्णालयात ने, एमएलसी, म्हणजे मारहाणीच्या दुखापतीची कायदेशीर वैद्यकीय नोंद, करायला सांग, लाठी कुठे, कधी आणि कुणाकडून बसली ते डॉक्टरांना सांगू दे, आणि आधी खोटं का सांगितलं तेही. एक्स-रे, तारखेसह फोटो, त्या दिवशीचा शर्ट न धुता, सगळं जपून ठेवा.

'अटक नव्हती, नुसतं बसवलं होतं' हे चौकीतलं ठरलेलं उत्तर. डी. के. बसू निकाल माहीत करून घे. कोलकात्याच्या या बसूंनी 1986 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला कोठडीतल्या मृत्यूंबद्दल पत्र लिहिलं, त्याचीच याचिका झाली आणि 1996 मध्ये निकाल आला. नातेवाइकाला कळवणं, डायरीत नोंद करणं, हे अटकेइतकंच ताब्यात घेतलेल्यालाही लागू आहे. पोलीस ठाण्यांत सीसीटीव्ही हवा आणि चित्रण किमान वर्षभर जपून ठेवा, हा 2020 चा निकाल. म्हणून त्या रात्रीचं चित्रण राखून ठेवावं असा अर्ज आजच दे, सोबत स्टेशन डायरीच्या नोंदीसाठी माहिती अधिकारात दहा रुपयांचा अर्ज. जमाव पांगवायचा तर आधी तसा आदेश द्यावा लागतो, न पांगल्यास बळ, असं नागरिक सुरक्षा संहितेचं 148 वं कलम सांगतं. तेव्हा तक्रारीत विचार: आदेश कुणी दिला, किती वाजता, कुणी ऐकला? तक्रार पोलीस आयुक्तांना, प्रत राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाला आणि मानवी हक्क आयोगाला. आयोगाला वर्षाची मुदत आहे.

तू परभणीकडचा. डिसेंबर 2024 मध्ये तिथे पकडलेला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी न्यायालयीन कोठडीत असताना गेला. मारहाण झाली नाही, असं सरकारने सभागृहात सांगितलं. घाटी या छत्रपती संभाजीनगरच्या सरकारी रुग्णालयातल्या शवविच्छेदन अहवालात मात्र अनेक जखमांची नोंद होती. आई मागे हटली नाही. जुलै 2025 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि तिथेही तो टिकला. नुसता गुन्हा नोंदवायला सात-आठ महिने. तुझ्या रूममेटला लगेच न्याय मिळेल असं मी म्हणत नाही, आणि परीक्षा तोंडावर असताना त्याला हे झेपेल का, ते त्याने ठरवायचं. त्याच्या वतीने तू ठरवू नकोस. एमएलसी मात्र आज करून घे, तक्रार पुढच्या महिन्यात ठरवली तरी चालेल.

येता शनिवार चौथा, बँक बंद. सोमवारी जायचं. वडील कोणकोणत्या तारखांना गेले होते ते विचारून मला पाठव, अर्ज मी टाइप करून ठेवतो.