वडापचा पिस्टन मर्सिडीजला चालेल का?

प्रश्न : आमच्याकडे १९८० ची मर्सिडीज २४० डी आहे. मुंबईत एका वकिलातीनं काढून टाकलेली, वडिलांनी हौसेनं घेतलेली. २०१९ च्या महापुरात ती शेडमध्ये चार दिवस पाण्यात होती, इंजिन जाम झालं. यंदा खोललं. मेस्त्रींनी मुंबईहून जुन्या स्टॉकमधले पिस्टन आणले, पण एकही बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या भोकात, उतरत नाही. परदेशातून मागवलेले पुढचे ब्रेक पॅडही बसेनात. आता मेस्त्री म्हणतात, वडाप म्हणून गावोगाव सवाऱ्या नेणाऱ्या ट्रॅक्स जीपचं अख्खं इंजिन टाकू. चॅसिस नंबर १२३ १२३ २० असा सुरू होतो. काय करावं?
— एक वाचक, हरिपूर

उत्तर : आधी मेस्त्रींवरचा राग सोडा. त्यांनी गाडीच्या नावानं माल मागितला, दुकानदारानं नावानंच दिला. तुमचं इंजिन ओएम ६१६. सुरुवातीला त्याचा बोअर ९१ मिलिमीटर होता, क्षमता २४०४ सीसी. १९७८ मध्ये बोअर ९०.९ झाला आणि सीसी २३९९. फरक मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा, पण तेवढ्यावर पिस्टन अडतो. तुमचं आरसी बुक काढून सीसी बघा आणि आणलेल्या पिस्टनला मायक्रोमीटर लावा. मला वाटतं, जुन्या मापाचा सेट तुमच्या गळ्यात पडलाय.

पण तेवढ्यावर नवा सेट मागवू नका. चार दिवस पाण्यात राहिलेल्या बोअरला गंजाचे खड्डे असणारच. नखानं चाचपलं तरी लागतील. डायल गेजनं वर, मध्ये, खाली, आडवं-उभं असं माप घ्या. खड्डे खोल असतील तर बोअर कापून पुढच्या मोठ्या मापाला न्यावा लागेल आणि पिस्टनही त्या मापाचे लागतील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात हे काम चोख होतं. मात्र पिस्टन हातात आल्याशिवाय ब्लॉक, म्हणजे सिलिंडर असलेलं इंजिनाचं धड, मशीनवर चढवू द्यायचा नाही. मी एकदा ही चूक केली होती. एका बागायतदाराच्या गाडीचा ब्लॉक आधी बोअर करून बसलो आणि त्या मापाचे पिस्टन मिळायला चार महिने लागले. तो गृहस्थ दर शनिवारी बाजार उरकून गॅरेजवर यायचा, काही बोलायचा नाही, चहा पिऊन जायचा. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता वडापचं. बजाज टेम्पोनं (आजची फोर्स मोटर्स) हेच ओएम ६१६ परवान्यावर पुण्यात बनवलं आणि ट्रॅक्समध्ये घातलं. म्हणजे तुमच्या मर्सिडीजचं भावंड कित्येक वर्षं आपल्या गावागावांतून माणसं कोंबून धावत होतं. आतले भाग जुळायची शक्यता चांगली आहे, पण भावंडं म्हणजे जुळी नव्हेत. तुमचा आणि ट्रॅक्सचा पिस्टन शेजारी ठेवून तीन मापं घ्या : पिस्टनच्या पिनेचा व्यास, पिनेच्या मध्यापासून माथ्यापर्यंतची उंची आणि रिंगांच्या खाचांची रुंदी. उंची जास्त भरली तर माथा वर आपटेल. तिन्ही जुळलं तर खुशाल घाला, त्यात कमीपणा नाही.

ब्रेक पॅडचं उत्तर कॅलिपरवरच, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्यावरच, लिहिलंय. या मॉडेलला कुठे आटे कंपनीचे, कुठे बेंडिक्स कंपनीचे कॅलिपर आले आणि दोघांचे पॅड वेगळे. तारेचा ब्रश मारा, रॉकेलनं पुसा, ओतीव अक्षरं वाचा, मगच पैसे भरा. मर्सिडीजच्या भागाला 'ए'नंतर दहा आकडी नंबर असतो. पहिले तीन आकडे बहुधा तो भाग मुळात ज्या मॉडेलसाठी किंवा इंजिनासाठी काढला त्याचे. त्यामुळे पाकिटावर तुमच्या मॉडेलच्या १२३ ऐवजी आधीच्या मॉडेलचं ११५ दिसलं म्हणून माल परत करू नका. बेअरिंगला तर मर्सिडीजचं नावच घेऊ नका. त्याच्या कडेवर नंबर कोरलेला असतो, तो सांगून सांगलीच्या गणपती पेठेत विचारा. ऑइल सीलचं तसंच : आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी.

चॅसिस नंबरातला सातवा आकडा २, म्हणजे उजव्या हाताचं स्टीअरिंग. जर्मनीतल्या गाड्या डाव्या हाताच्या. म्हणून स्टीअरिंग बॉक्स, वायपरची लिंक आणि हेडलाइट मागवायचे तर इंग्लंडचा माल शोधा. स्टुटगार्टजवळ फेलबाखला कंपनीचं जुन्या गाड्यांचं केंद्र १९९३ पासून आहे. जे भाग कुठेच मिळत नाहीत त्यांची चौकशी तिथे करावी, पण भाडं आणि कस्टम धरून हिशोब मांडा. साध्या गोष्टींसाठी आधी पुण्याची नाना पेठ आणि कुर्ल्याचा जुना बाजार पालथा घाला.

रबर मात्र जुन्या स्टॉकमधलं घेऊ नका, कितीही 'ओरिजनल, पॅकबंद' म्हणाले तरी. ब्रेकचा होज (रबरी नळी) बोटांत वाकवून उजेडात धरा, केसाएवढ्या भेगा दिसल्या तर ठेवून द्या. पॅकबंद रबरही म्हातारं होतं.

अख्खं इंजिन बदलायचं म्हणाल तर मी नको म्हणेन. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरटीओकडे जावं लागेल, आरसीवर नवा इंजिन नंबर चढवावा लागेल. शिवाय ट्रॅक्सची इंजिन बसवायची माउंटिंग आणि ऑइलचं चेंबर तुमच्या गाडीत जशीच्या तशी बसतील असं धरून चालू नका. आणि वडापच्या इंजिनानं आयुष्यात काय काय ओढलंय, हे विकणारा कधी सांगत नाही. तुमचा बोअर मोजून आकडे कळवा, मग पिस्टन कुठून आणायचे ते बघू.