दुकानाच्या जीएसटी नंबरवर घेतलेला मुलीचा लॅपटॉप

प्रश्न : जोगेश्वरीला माझं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान आहे. मुलगी रोज लोकलने चर्चगेटच्या कॉलेजला जाते, म्हणून तिच्यासाठी 59,000 रुपयांचा हलका लॅपटॉप घेतला. विक्रेत्याच्या सांगण्यावरून बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर केलं, त्यात 9,000 रुपये वाचले. सातव्या महिन्यात बिजागरीपाशी तडा जाऊन स्क्रीनवर रेघा आल्या. सर्व्हिस सेंटर म्हणतं, 'फिजिकल डॅमेज' आहे, वॉरंटीत बसत नाही. ग्राहक न्यायालयात जाता येईल का? आणि दुसरा घ्यायचा झाला तर काय बघावं?

उत्तर : 'फिजिकल डॅमेज'चा शिक्का मारून वॉरंटी नाकारल्याची पत्रं मला सारखी येतात. अशा नकाराविरुद्ध ग्राहक आयोगात, म्हणजे तुम्ही म्हणता त्या ग्राहक न्यायालयात, जाता येतं, त्यावर शब्द खर्च करत नाही. तुमचं प्रकरण अडणार आहे ते जाता जाता लिहिलेल्या त्या एका वाक्यात : बिल दुकानाच्या जीएसटी नंबरवर आहे.

वाचलेले 9,000 रुपये म्हणजे तुम्ही घेतलेलं इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेला जीएसटी दुकानाच्या देय करातून वजा करून घेण्याची सवलत. जीएसटी कायद्याच्या कलम 16 प्रमाणे ते धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूवरच मिळतं, आणि कलम 17(5) वैयक्तिक वापराच्या वस्तूवर ते स्पष्ट नाकारतं. म्हणजे रिटर्न भरताना तुम्ही सरकारला लेखी सांगितलंत की लॅपटॉप दुकानाचा आहे. आयोगापुढे आता सांगणार की तो मुलीचा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(7) मध्ये व्यापारी हेतूने वस्तू घेणारा 'ग्राहक'च ठरत नाही. स्वयंरोजगारासाठी घेतलेल्या वस्तूला तिथे सूट आहे, पण तुमचा लॅपटॉप दुकानात नाही, कॉलेजात आहे. समोरचा वकील बिजागरीबद्दल अवाक्षर न काढता याच मुद्द्यावर तक्रार फेटाळायला सांगेल. नंबर देण्याआधी सीएला एक फोन केला असतात तर ही वेळ आली नसती.

म्हणून तक्रार लिहिण्याआधी सीएकडे जा आणि ते क्रेडिट उलटवून घ्या, म्हणजे वजा केलेली रक्कम सरकारला परत करा. ते कर भरताना वापरलं गेलं असेल तर 18 टक्के दराने व्याज पडेल. ते मुकाट्याने भरा आणि भरल्याचा कागद जपा. त्यानंतरही आक्षेप येईल, पण तेव्हा तुमच्याकडे उत्तर असेल. लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या 2019 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की खरेदीचा मुख्य हेतू बघायचा आणि नफा कमावण्याशी तिचा थेट संबंध आहे का ते तपासायचं. त्या ट्रस्टने परिचारिकांच्या राहण्यासाठी घेतलेली घरंही व्यापारी हेतूची ठरली नाहीत. मुलगी अठरा वर्षांची असेल तर तिलाही तक्रारदार करा. खरेदीदाराच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहक आहे. कॉलेजचं ओळखपत्र, त्या लॅपटॉपवरून पाठवलेल्या असाइनमेंट जोडा. आयोग हे मान्य करेलच, अशी हमी मी देत नाही.

बिजागरी मुळात कच्ची होती की लोकलच्या गर्दीत दबली, हे पत्रावरून ठरवता येत नाही. आयोग प्रयोगशाळेकडून तपासणी करून घेऊ शकतो आणि बरंचसं त्या अहवालावर अवलंबून राहील. सर्व्हिस सेंटरकडून जॉबशीटची (दुरुस्तीला दिल्याच्या नोंदीची) प्रत आणि नकार लेखी मागा.

बाकीचं सोपं आहे. तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा आयोगात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, ऑनलाइनही दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. ईमेल पाठवत बसल्याने ती वाढत नाही. निकाल तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात. कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला सेमिस्टरमागून सेमिस्टर ताटकळत ठेवणारी ही दिरंगाई मला सहन होत नाही. पण तिच्या अभ्यासाचं वेळापत्रक आयोगाच्या भरवशावर ठेवू नका, दुसऱ्या लॅपटॉपची सोय आताच करा.

नवा घेताना जाहिरातीतलं वजन बहुधा चार्जरशिवायचं असतं, म्हणून दोन्ही मिळून किती होतं ते विचारा. रोजच्या लोकलसाठी सव्वा-दीड किलोच्या आतला बरा. पण वजन कमी करताना पुष्कळ मॉडेलांत रॅम, म्हणजे चालू कामासाठीची मेमरी, थेट मदरबोर्डला (मुख्य सर्किट बोर्डाला) पक्की जोडलेली असते. ती नंतर वाढवता येत नाही आणि बिघडली तर अख्खा बोर्ड बदलण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा 16 जीबी आधीच घ्या. वॉरंटीच्या कागदात बिजागरी आणि स्क्रीनबद्दल काय लिहिलंय ते पैसे देण्याआधी वाचा. अपघाती नुकसानीचं संरक्षण वेगळं विकत मिळत असेल तर गर्दीतून प्रवास करणाऱ्या मुलीसाठी ते घ्याच. बिल मुलीच्या किंवा तुमच्या स्वतःच्या नावावर करा.

दुकानदार एक्सचेंजमध्ये जुन्याचे चार-पाच हजार देऊ करेल. देऊ नका, बाहेरच्या मेकॅनिकला उघडायलाही देऊ नका. तपासणीचा आदेश झाला तर तीच वस्तू, आहे त्या स्थितीत, आयोगापुढे हजर करावी लागेल.