वनवास, विजनवास की एकांतवास?

अनुवादाचं काम करणाऱ्या एका मैत्रिणीनं परवा एक प्रश्न विचारला. ती 'इन्टू द वाइल्ड' या चित्रपटावर लेख लिहिते आहे. ख्रिस मॅकँडलेस हा अमेरिकन तरुण 1992 साली अलास्कात एकटाच जाऊन राहिला आणि तिथेच वारला, त्याची ही खरी गोष्ट. जॉन क्राकाउरनं 1996 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं आणि 2007 मध्ये शॉन पेननं चित्रपट केला. मैत्रिणीनं लेखाचं पहिलं वाक्य लिहिलं होतं, 'सुखवस्तू घरातल्या या मुलानं आपण होऊन वनवास पत्करला.' मग 'वनवास' खटकला म्हणून तिथे 'विजनवास' केलं. तेही पटेना. 'विल्डरनेसमध्ये, म्हणजे माणसांच्या वस्तीपासून दूरच्या रानटी मुलखात, एकट्यानं राहणं, याला मराठीत नेमका शब्द कोणता?' असा तिचा प्रश्न. हे तिलाच उत्तर.

एका शब्दात बसेल असं उत्तर माझ्याकडे नाही, आणि ते नसणं मला मराठीची उणीव वाटत नाही. माणूस कुठे राहिला, त्याला तिथे कुणी धाडलं आणि तिथे त्याच्या मनाचं काय झालं, या तीन गोष्टींना आपल्याकडे तीन वेगवेगळी शब्दांची घराणी आहेत. त्यांची सरमिसळ झाली की वाक्य खटकतं.

'वनवास' का खटकला ते आधी पाहू. शब्दाचा अर्थ नुसता 'वनात राहणं' एवढाच आहे, पण रामायण-महाभारतानं त्याला जो रंग दिला तो आता निघत नाही. रामाला चौदा वर्षं, पांडवांना बारा आणि वर एक वर्ष अज्ञातवास. दोन्हीकडे वनवास लादलेला आणि मुदतीचा. म्हणून आपण 'वनवास भोगला', 'वनवास संपला' म्हणतो, 'वनवासाचा आनंद लुटला' असं सहसा म्हणत नाही. सासरी हाल सोसणाऱ्या बाईबद्दल 'जन्मभर वनवास काढला बिचारीनं' असं बोलतात तेव्हा वनाचा मागमूसही नसतो, उरलेली असते फक्त शिक्षा. दुसरी गोष्ट आपल्या लक्षातही येत नाही. वनवासात कुणी एकटं नव्हतंच! रामाबरोबर सीता आणि लक्ष्मण होते, पांडव पाच आणि सहावी द्रौपदी. म्हणजे मॅकँडलेसच्या बाबतीत 'वनवास' दोन्ही अंगांनी चुकतो. त्याला कुणी धाडलं नव्हतं, आणि त्याच्यासोबत कुणी नव्हतं.

'विजनवास' अर्थानं जवळचा आहे. विजन म्हणजे जिथे जन नाहीत ते ठिकाण. इंग्रजी विल्डरनेसच्या मुळाशी जुन्या इंग्रजीतलं रानटी श्वापद आहे, ते श्वापदांचं ठिकाण. आपल्या शब्दानं मात्र तिथे काय आहे ते न सांगता काय नाही ते सांगितलं. शब्द मला फार आवडतो. पण गेली कित्येक वर्षं वर्तमानपत्रांनी तो निवडणूक हरलेल्या पुढाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे. 'राजकीय विजनवास' इतक्यांदा छापून आलाय की नुसतं 'विजनवासात गेला' वाचलं तरी वाचक 'कोणत्या पक्षाचा?' असं मनात म्हणतो. पुढेमागे ललित लेखनानं तो परत मिळवावा असं मनापासून वाटतं. तूर्त तुझ्या पहिल्याच वाक्यात तो नको.

आता जागेचे शब्द. इथे मराठी फार गमतीची आहे.

आमच्या कऱ्हाडकडच्या गावात आजोबा कुठे गेलेत म्हणून कुणी दारात विचारलं की आजी म्हणायची, 'रानात गेल्यात.' रानात म्हणजे शेतात. रान नांगरतात, रान तापू देतात, पेरणीला रान तयार करतात. ज्वारी हुरड्यात आली की आजोबा राखणीला रानातच झोपायचे. चार मेढींवर बांधलेला माळा, वर चढायला एक शिडी, उशाशी गोफण आणि खड्यांची ढिगोळी, पायथ्याशी घोंगडं. रात्रभर दुसरं माणूस हाकेच्या अंतरावर नसायचं. सकाळी मी न्याहारीचं गठुडं घेऊन जायचो तेव्हा ते माळ्यावरून आधी वाऱ्याबद्दल बोलायचे, मग पाखरांबद्दल, आणि मग विचारायचे, 'घरी सगळी बरी हैत का?' जणू आठवड्यानं भेटतोय. या राहण्याला गावात कुणी वनवास म्हणालं नाही की एकांतवास म्हणालं नाही. 'राखणीला हाय' एवढंच. तर 'रान' हा शब्द विल्डरनेसला परस्पर लावून मोकळं होता येत नाही, कारण निम्म्या महाराष्ट्रात ते कसलेलं, पोटाला देणारं रान आहे.

याच 'रान'चा पूर्वज 'अरण्य'. प्राकृतात 'रण्ण' आणि मग आपलं रान. अरण्याच्या मुळाशी 'अरण' आहे, त्याचा अर्थ परका, दूरचा. म्हणजे अरण्य ही आधी झाडांची गोष्ट नव्हतीच. आपल्या वस्तीपलीकडचा परका मुलूख तो अरण्य. मराठी बायबलमध्ये येशू चाळीस दिवस अरण्यात राहतो. लहानपणी ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आंबोलीसारखी गर्द झाडी यायची. प्रत्यक्षात यहूदियाचं ते अरण्य म्हणजे उघडेबोडके, वाळलेले डोंगर. अनुवादकांनी शब्द चुकवलेला नव्हता, त्याच्या जुन्या अर्थाला धरून तो बरोबरच होता. 'जंगला'चा प्रवास तर याच्या नेमका उलटा झाला. आयुर्वेदात जांगल देश म्हणजे कोरडा, विरळ झाडीचा, कमी पाण्याचा प्रदेश, आणि त्याच्या विरुद्ध पाणथळ तो आनूप. तोच शब्द आपल्याकडून इंग्रजीत गेला आणि तिकडे घनदाट, दमट, वेलींनी गच्च झाला. आज आपल्यालाही जंगल म्हटलं की तेच चित्र दिसतं. अलास्कातल्या खुरट्या झाडांच्या, दलदलीच्या, वर्षातले कित्येक महिने गोठलेल्या मुलखाला म्हणूनच 'जंगल' म्हणवत नाही.

माझं मत 'आडरान' या शब्दाला आहे. आडवाट, आडगाव, आडरान. यातलं 'आड' म्हणजे वाटेपासून बाजूला, येणाजाणाऱ्याच्या नजरेआड. 'आडरानात गाडी बंद पडली' म्हटलं की झाडं आहेत की माळ हे सांगावं लागत नाही. मदतीला कुणी येणार नाही, एवढं कळतं. मॅकँडलेस जिथे राहिला ती जागा हीच. हमरस्त्यापासून मैलोन्मैल आत, स्टॅम्पीड ट्रेल नावाच्या जुन्या वाटेवर सोडून दिलेली 142 क्रमांकाची बस. पुढे ती बघायला जाणाऱ्यांचेच जीव धोक्यात येऊ लागले, म्हणून जून 2020 मध्ये हेलिकॉप्टरनं उचलून तिथून हलवावी लागली.

अमेरिकेत 1964 साली विल्डरनेसचा कायदाच झाला. त्यात व्याख्या अशी आहे की माणूस जिथे फक्त पाहुणा असतो, मुक्कामाला राहत नाही, ती जमीन. म्हणजे त्या कायद्यापुरतं बोलायचं तर तिथे 'वास' संभवतच नाही. आपल्याकडचे सगळे शब्द मात्र 'वास' धरूनच बसलेत: वनवास, विजनवास, एकांतवास, अज्ञातवास. जिथे गेलं तिथे चूल मांडायची, हे आपल्या शब्दांनीही गृहीत धरलं आहे.

उरला माणूस. तुझ्या लेखाची खरी कसोटी इथे लागणार आहे.

एकटा, एकाकी आणि एकांतात असलेला, हे तिघं वेगळे. 'एकटा' ही नुसती मोजणी. 'एकाकी'त दुःख आहे. पण ते पूर्वी नव्हतं. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग्यानं 'रहसि स्थितः, एकाकी' असं राहावं असं सांगितलंय, तिथे एकाकीपण ही साधना आहे, दया यावी अशी अवस्था नव्हे. मराठीत येता येता हा शब्द काळवंडला. 'एकांत' मात्र अजून स्वच्छ आहे, आणि त्याला माणूस एकच लागतो असंही नाही. नव्या जोडप्याला एकांत मिळत नाही, अशी तक्रार आपण सहज करतो. दोघांचाही एकांत होतो, फक्त तिसरा नको. एकांतात माणसांची संख्या महत्त्वाची नाही, व्यत्यय नसणं महत्त्वाचं.

महानुभावांकडे याहून जुना एक सुंदर शब्द आहे. लीळाचरित्राचा पहिला भाग 'एकांक'. चक्रधर एकटे हिंडत होते त्या काळातल्या लीळा त्यात आहेत. पुढे अनुयायी जमल्यानंतरचे भाग पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. एका आयुष्यातल्या एकटेपणाच्या पर्वाला स्वतंत्र नाव देणारी भाषा आहे ही! आज एकांक म्हटलं की नाटकाचा एक अंक आठवतो, त्यामुळे तो शब्द तुला वापरता येणार नाही, पण ठाऊक असावा म्हणून सांगितला.

आणि तुकोबा. 'वृक्षवल्ली आम्हां सोयरीं वनचरें' हे शाळेच्या भिंतीवर वाचून आपण तिथेच थांबतो. पुढची ओळ आहे 'येणें सुखें रुचे एकांताचा वास'. रुचे! आणि शेवटी 'तुका म्हणे होय मनासी संवाद । आपुलाचि वाद आपणांसी'. एकांतवासाची याहून नेमकी व्याख्या मला कुठल्या कोशात मिळालेली नाही. झाडं सोयरी आहेत म्हणून तो एकाकी नाही, आणि स्वतःशीच वाद चाललाय म्हणून तो रिकामाही नाही.

अमेरिकन लेखक हेन्री डेव्हिड थोरोचं 'वॉल्डन' हाताशी ठेवून हा अभंग वाच. 4 जुलै 1845 ला तो मॅसॅच्युसेट्समधल्या कॉन्कॉर्ड गावाजवळ वॉल्डन तळ्याकाठी राहायला गेला, आणि 6 सप्टेंबर 1847 ला परतला. दहा फूट बाय पंधरा फुटांची खोली त्यानं स्वतः बांधली होती, शेजारी मैलभर लांब. एकटेपणावरच्या प्रकरणात तो कबूल करतो की आल्यावर काही आठवड्यांनी फक्त एकदा, तासभर, माणसं जवळ नसल्याचं त्याला जड गेलं. मग हळुवार पाऊस सुरू झाला आणि त्या पावसात पाइनची सुईएवढी पानंसुद्धा त्याला मैत्र वाटू लागली. एका तासात तो एकाकीपणातून एकांतात आला. इंग्रजीतही त्यानं या दोन अवस्थांना दोन वेगळे शब्द वापरलेत, आणि मराठी अनुवादात दोन्हीकडे 'एकटेपणा' ठेवला तर तो अख्खा परिच्छेद आंधळा होईल. याच प्रकरणाला लागून पुढचं प्रकरण पाहुण्यांवर आहे. खोलीत तीन खुर्च्या होत्या, आणि कधी कधी पंचवीस-तीस माणसं तिथे जमत. म्हणून थोरोला आडरान लागू नाही, पण एकांत पुरेपूर लागू आहे. दुर्गाबाई भागवतांनी आपल्या अनुवादाला नाव दिलं 'वॉल्डनकाठी विचारविहार'. त्यांनी 'वास' टाळून 'विहार' घेतला. कुढत राहणं नाही, मोकळं हिंडणं. त्या एका निवडीत मला पुस्तकाचं सगळं मर्म दिसतं.

गो. नी. दांडेकरांचा बुधाही आठव. मुंबई सोडून राजमाचीच्या पठारावर एकटा येऊन राहणारा. कादंबरीचं नाव 'माचीवरला बुधा'. 'वाडीतला', 'घाटावरला' म्हणतो तसा 'माचीवरला'. त्या '-ला'नं तो माणूस त्या जागेचाच होऊन जातो. तो कुठे गेलेला नाही, परत आलेला आहे, म्हणून त्याच्या राहण्याला वास, विहार काहीच जोडावं लागलं नाही.

आता तुझा मॅकँडलेस. एप्रिलच्या अखेरीस तो आत गेला तेव्हा त्याला एकांत हवा होता, इथे 'एकांत'च लिही. जुलैत तो परत निघाला, तर येताना सहज ओलांडलेली टेक्लॅनिका नदी फुगून वाट अडवून बसली होती. इथून पुढे निवड त्याच्या हातात राहिली नाही. हवं तर या टप्प्यावर 'वनवास' वापर, इथे तो अर्थानं उभा राहतो. बसवर त्यानं मदतीची चिठ्ठी लावली होती. त्यात जखमी आहे, मरणाच्या दारात आहे, चालत बाहेर पडायचं त्राण नाही, असं सांगून पुढे लिहिलं होतं की आपण इथे अगदी एकटे आहोत. 'अरण्यरुदन' हा शब्द आपण सभासमारंभात किती हलकेपणानं वापरतो! तो अक्षरशः खरा झालेला इथे दिसतो.

त्या चिठ्ठीतल्या वाक्यात कृपा करून 'एकाकी' घालू नकोस. मरणाला टेकलेला माणूस विशेषणं शोधत नाही. 'मी इथे एकटाच आहे' असंच ठेव. 'एकटाच'मधला तो 'च' पुरेसा आहे. आणि पहिलं वाक्य मी असं करीन: 'सुखवस्तू घरातला हा मुलगा आपण होऊन आडरानात एकट्यानं राहायला गेला.' शब्द दोन जास्त झाले, होऊ देत.