अ‍ॅम्प्लिफायर आणि टर्नटेबलसाठी (रेकॉर्ड प्लेअरसाठी) सांगलीत सुताराकडून लाकडी रॅक करून घ्यायचा आहे. माप काय सांगू?

बहुतेक अ‍ॅम्प्लिफायर १७ इंच रुंद असतात, म्हणून आतून १९-२० इंच ठेवा. रॅकची पुढून मागपर्यंतची खोली मोजताना मागच्या वायरींसाठी ३-४ इंच जास्त धरा. मी विसरलो होतो, मग पिना भिंतीला टेकून वाकल्या.

अ‍ॅम्प्लिफायरच्या डोक्यावर चार बोटं तरी मोकळी हवीत आणि पाठ उघडीच ठेवा. सुतार हटकून मागे प्लाय ठोकतो, त्याला आधीच बजावा. टर्नटेबल सगळ्यात वर, आणि स्पीकर त्याच रॅकवर अजिबात नको. त्याच्या हादऱ्याने टर्नटेबलची सुई थरथरते आणि आवाज घुमतो. वखारीतलं जुन्या वाड्याचं सागवान मिळालं तर बघा, मुरलेलं असतं, पिळत नाही. फक्त रंधा मारण्याआधी खिळे उपसून घ्या, नाहीतर सुताराच्या शिव्या खाल.