समूहातील दीर्घिका अतिनील प्रकाशात फिक्या का दिसतात?

आपण विचारले आहे की, एकाकी दीर्घिकांच्या (म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या, ताऱ्यांच्या प्रचंड संचांच्या) मानाने समूहातील दीर्घिका अतिनील प्रकाशात फिक्या का असतात आणि त्यावरून परिसराचा, म्हणजे समूहात असण्याचा, परिणाम सिद्ध होतो का. पहिला भाग बराच उलगडलेला आहे. दुसऱ्याला मी ‘होय, पण जपून’ असे उत्तर देईन.

अतिनील प्रकाश मुख्यतः वजनदार, अतितप्त ताऱ्यांकडून येतो आणि असे तारे अल्पायुषी असतात. त्यामुळे दीर्घिकेची अतिनील तेजस्विता ही तिथे गेल्या सुमारे दहा कोटी वर्षांत किती तारे जन्मले याची नोंद असते. दीर्घिकेचे आयुष्य हजार कोटी वर्षांच्या घरातले, म्हणजे ही नोंद अगदी कालपरवाची.

तारे घडायला थंड वायू लागतो, आणि समूहात नेमका तोच टिकत नाही. कन्या किंवा अरुंधती केश या तारकासमूहांच्या दिशेला असलेल्या दीर्घिकासमूहांत दीर्घिकांमधली जागा कोट्यवधी अंश तापलेल्या, अतिशय विरळ वायूने व्यापलेली आहे. त्यातून एखादी दीर्घिका सेकंदाला हजारभर किलोमीटर वेगाने जाऊ लागली की समोरच्या वायूचा दाब तिच्या तबकडीतला वायू ओरबाडून नेतो, तारे मात्र जागच्या जागी राहतात. गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये मांडलेल्या या विचारानुसार हा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कडेला दीर्घिकेची गुरुत्वीय पकड सैल असल्याने तिथला वायू आधी जातो आणि ताऱ्यांचा जन्म आतल्या भागापुरता उरतो.

मला सर्वांत बोलके वाटते ते एबेल ८५ या समूहातील जेओ२०१ या दीर्घिकेचे उदाहरण. ती समूहात सेकंदाला ३,००० किलोमीटरहून अधिक वेगाने घुसते आहे. सप्टेंबर २०१५ मध्ये सोडलेल्या आपल्या अ‍ॅस्ट्रोसॅट या उपग्रहावरील अतिनील दुर्बिणीने (तिच्या उभारणीत पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही वाटा आहे) जेओ२०१मधून बाहेर खेचल्या गेलेल्या वायूतही नव्या ताऱ्यांचे ठिपके टिपले. दाबाने वायू आधी दाटतोही, त्यामुळे विझण्यापूर्वी दीर्घिका काही काळ अधिक उजळू शकते. निव्वळ सरासरी काढली तर हा टप्पा हातून निसटतो.

जपून म्हणण्याची कारणे तीन. धूळ अतिनील प्रकाश गिळते, त्यामुळे फिक्या दीर्घिकेत तारे जन्मतच नसतील असे नाही. उलट, म्हाताऱ्या लंबवर्तुळाकार दीर्घिकांतही हेलियम जाळणारे जुने, तप्त तारे थोडा अतिनील प्रकाश देतात. शिवाय खगोलशास्त्रज्ञ ड्रेसलर यांनी १९८० मध्ये दाखवल्याप्रमाणे दाट परिसरात लंबवर्तुळाकार आणि भिंगाकार दीर्घिकांचे प्रमाणच जास्त असते. म्हणून तुलना समान वस्तुमानाच्या आणि समान प्रकारच्या दीर्घिकांची व्हायला हवी. त्यासोबत हायड्रोजन वायूकडून येणाऱ्या २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरींच्या निरीक्षणांतही वायू कमी आढळला आणि तोही कडेने झिजलेला दिसला, तर मी परिसराकडे बरेच निःशंकपणे बोट दाखवेन.